अंबूबाईंच्या जोडव्यांचा ठसा

उसाच्या सरीत एकवीस वर्षं चाललेले पाय.

पुण्यातलं प्रदर्शन, २००४. "ही झीज सुचली कशी हो तुम्हाला?"

शिरोळच्या एका देव्हाऱ्यातलं छोटं निरंजन.

मेणाचा तुकडा, त्यात उमटलेलं एक वेडंवाकडं वळं.

रुद्राणीनं प्रदर्शनात आपल्या जोडव्यांबद्दल उत्तर दिलं होतं, "नदीतले गोटे बघून." लोकांना ते फार आवडलं. पेपरातही छापून आलं.

खरं असं, की त्याच्या वर्षभर आधी शिरोळच्या अंबूबाई सराफांच्या गुजरीमागच्या बोळात, रुद्राणीच्या चांदीच्या कारखान्यात आल्या होत्या. नवरा जाऊन महिना झालेला. रुमालातली जोडवी पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "आटव ही. देवाला निरंजन कर. दुसऱ्या बाईच्या पायात जायला नगोत." रुद्राणीनं शब्द दिला. मग जोडवी हातात घेतली आणि तिथंच घात झाला. जमिनीकडची बाजू कागदासारखी पातळ, वरची भरीव. कुठल्याही कानशीनं अशी झीज आणता आली नसती. "उद्या आटवते, मावशी," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं मेणात ठसा घेतला. निरंजन केलं ते डब्यातल्या दुसऱ्या चांदीचं.

त्या ठशावरची जोडवी किती नवरींच्या पायांत गेली, ते आठवायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आणि आज अंबूबाई लेकीला, मनालीला घेऊन आल्या. तिचं लग्न ठरलेलं.

"हिच्या हाताला यश हाय बघ," त्या लेकीला सांगत होत्या. "निरंजन रोज लावते मी. तुझा बा हितंच बसल्यागत वाटतंय."

मनालीनं ट्रेमधली नेमकी त्या ठशावरचीच जोडवी उचलली. "आई, बघ की! नवी असून जुन्यागत."

"झिजकी कशाला गं? उसात जायचंय व्हय तुला?"

"फॅशन हाय. तुला न्हाय कळायचं."

"घे बाई. तुझी हौस."

रुद्राणीनं मनालीच्या हातातून जोडवी काढून घेतली. जवळजवळ हिसकावलीच.

"ही नगोत. दुसरी बघ."

"का वो ताई? कुणी सांगून ठेवल्यात?"

व्हय म्हटलं असतं तर सुटली असती.

"मावशी, ही तुमच्याच जोडव्यांवरनं केल्यात. मी आटवलीच न्हाईत ती."

अंबूबाईंनी एक जोडवं घेतलं, अंगठ्यानं चाचपलं.

"मग माझ्या देव्हाऱ्यात काय हाय?"

"दुसरी चांदी."

"कुणाची?"

रुद्राणीला ते ठाऊक नव्हतं. मोडीत आलेली. कुणाचीही.

"मनाली, चप्पल घाल," अंबूबाई म्हणाल्या.

रुद्राणी ड्रॉवर ओढून मूळची जोडवी काढेपर्यंत मायलेकी बोळाच्या तोंडाशी पोचल्या होत्या.

अंबूबाईंनी पहिल्यांदा येऊन रुमाल सोडला, त्या दुपारी चांदी आटवायची शेगडी पेटलेलीच होती.