रक्तातला गाळ

कारखान्याच्या जेवणघरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बाकं भिंतीला सरकवलेली, मटार गोठवायच्या खोलीतल्या बायका अंगातले जाड कोट न काढताच दाटीवाटीने उभ्या, आणि मागच्या टेबलांवर पुरुष चढून बसलेले. पुढे एका टेबलावर पांढरी चादर होती. चादरीवर काचेचे दोन जग, औषधाचे असतात तेवढे लहान काचेचे पेले, आणि त्यांच्यामागे साक्षात काचमहाराज. त्यांचं खरं नाव कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगायची तसदी घेतली नव्हती.

एक नवी मुलगी पुढे झाली. महाराजांनी तिच्या बोटाला सुई टोचली. तीच सुई आधीच्या बायकांनाही टोचून झाली होती, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. डावीकडच्या जगातलं पाणी त्यांनी पेल्यात ओतलं, त्यात तिच्या रक्ताचे थेंब पाडले आणि ढवळलं. पाणी लाल, गढूळ झालं. मग त्यांनी पेल्याच्या मागे एक छापील कागद धरला आणि म्हणाले, वाच. तिला एक अक्षर दिसेना.

"दिसेल कसं?" महाराज म्हणाले. "तुझ्या डीएनएच्या जिन्यावर सात पिढ्यांचा गाळ साचलाय. एकेक पायरी घासून काढावी लागेल."

जीन आणि जिना यांत महाराजांची जरा गल्लत झाली होती, पण ती दुरुस्त करणार कोण? लोकांनी माना डोलावल्या. कितीतरी घरांत हाडं ठणकणारं, डोळे पिवळे पडलेलं कोणीतरी अंथरुणावर होतं. ते का, याचं उत्तर त्यांना पहिल्यांदाच इतक्या ऐटीत मिळत होतं.

मग उपचार पुरा झालेल्या बाईची पाळी आली. म्हणजे माझ्या बहिणीची. तिला सगळे धाकटीच म्हणतात. तिने महाराजांची पूड नेमाने घेतली होती आणि दवाखान्यातली रोजची गोळी बंद केली होती, कारण गोळीने गाळ घट्ट होतो असं महाराजांचं शास्त्र होतं. तिच्या बोटाचे थेंब उजवीकडच्या जगातल्या पाण्यात पडले. पाणी लाल झालं, पण लखलखीत. कागदावरचं अक्षर न् अक्षर त्यातून दिसत होतं. तो कारखान्याच्याच भिंतीवरचा कागद होता, आणि धाकटीने तो मोठ्याने वाचला, "कामाच्या वेळेत परवानगीशिवाय जागा सोडू नये."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटी माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिला इतकी आनंदात मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती, आणि मला तिचा आनंद बघवेना.

मी वस्तीतल्या शाळेत विज्ञान शिकवते. मला ठाऊक होतं की हे थोतांड आहे, पण थोतांड कुठे आहे ते सापडत नव्हतं. नुसतं "खोटं आहे" म्हणणाऱ्याला लोक विचारतात, "मग दिसलं ते काय होतं?" मी पुडीत काही मिसळलंय का पाहिलं, पेल्याला काही लावलंय का पाहिलं, महाराजांच्या बाह्यांकडेही डोळे लावून बसले. हाती काही लागलं नाही. घरी धाकटीशी रोज भांडण व्हायचं. ती म्हणायची, "ताई, तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणतात जन्मभर गोळी घे. महाराज म्हणतात बरी झालीस. तू माझ्या जागी असतीस तर कोणाचं ऐकलं असतंस?"

धाकटीला सिकलसेल आहे. रक्तपेशी वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य कळा येतात. जेवणघरातल्या त्या टाळ्यांना फार दिवस झाले नव्हते, तोच ती गोठणखोलीत मटाराच्या पोत्यांवर कोसळली. या खोलीत बारमाही कडाक्याची थंडी, आणि तिथे काम करणाऱ्या बायका तहान मारून राहतात. पाणी प्यायलं की लघवीला बाहेर जावं लागतं, आणि बाहेर जायला मुकादम सोडत नाही. तिला दवाखान्यात आणलं तेव्हा ती ओरडतही नव्हती. ओरडायचं त्राण संपलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. मी शेजारी उभी होते, डोकं तापलेलं, कोणावर तरी राग काढायचा होता. मी म्हटलं, "सुकून गेलीय पोर, आणि तुम्ही मिठाचं पाणी काय चढवताय? साधं पाणी का नाही?"

"साध्या पाण्यात रक्तपेशी फुटतात, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "मिठाच्या पाण्यात शाबूत राहतात."

"फुटल्या की काय दिसतं?"

"गढूळपणा जातो. रंग राहतो, पण आरपार दिसतं."

बोलता बोलता त्या थांबल्या. महाराजांचे दोन जग आम्हा दोघींना एकदमच आठवले. महाराजांच्या पेल्यांबद्दल त्यांनीही ऐकलं होतंच. आपल्या तपासणीतही पाणी गढूळ झालं की आजाराची खूण धरतात, असं त्या म्हणाल्या. हा माणूस कुठल्यातरी रक्ततपासणीच्या खोलीत बाटल्या धूत असणार, असा त्यांचा अंदाज होता.

त्या दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती या पेल्यांहून मोठी आहे. आमची सगळी वस्ती मूळची दलदलीच्या मुलखातली. तिथे हिवतापाने माणसं पटापट मरत. ज्यांच्या रक्तात ही खोट एकाच बाजूने आली होती, आईकडून किंवा बापाकडून, ती माणसं त्या तापातून तगत, म्हणून खोट टिकली. दोन्ही बाजूंनी आली की मात्र आजार. माझ्या वाट्याला एक आली, धाकटीच्या वाट्याला दोन. यात पाप कुठे आलं? चिठ्ठ्या टाकल्यासारखं ते असतं.

"पण बाई, हे रक्त साऱ्या वस्तीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमचे मॅनेजरसाहेबही त्याच मुलखातले. त्यांच्या भाच्याला अगदी धाकटीसारखंच आहे. तो ऑफिसात उबेत बसतो, हवं तेव्हा पाणी पितो, गोळी चुकवत नाही. दुखतं त्यालाही, पण त्याला असं उचलून आणावं लागल्याचं मला आठवत नाही. आणि माझ्याकडे जे उचलून आणले जातात ते जवळपास सगळे त्या गोठणखोलीतले."

मी शाळेत जाऊन स्वतःचंच बोट टोचलं. एका पेल्यात मिठाचं पाणी, एकात साधं. एक गढूळ, एक लखलखीत. वर्गातली मुलं हसली आणि मीही हसले, पण मला रडू येत होतं. इतक्या पोरकट युक्तीपायी माझी बहीण मरणाच्या दारात जाऊन आली होती.

पुढच्या दर्शनाला मी पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले. धाकटीही आली होती, भिंतीचा आधार घेऊन. मी म्हटलं, महाराज, माझंही रक्त बघा. सुई मात्र माझी घेते. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला आणि डावीकडच्या जगाकडे हात नेला.

"त्यातलं नको," मी म्हटलं. "उजवीकडचं द्या."

"ते शुद्ध झालेल्यांसाठी असतं, बाई."

"मग माझं अशुद्ध रक्त त्यात गढूळ दिसेलच की."

महाराज हसले, पण हात हलेना. मीच जग उचलला, पेला भरला, बोट टोचलं. माझं सात पिढ्यांच्या गाळाचं, एक दिवसही उपचार न घेतलेलं रक्त त्यात पडलं आणि पाणी आरपार लखलखलं. मागे कुजबुज सुरू झाली. मग मी धाकटीला पुढे बोलावलं. महाराजांनी साफ ठरवलेलं तिचं रक्त डावीकडच्या पाण्यात सोडलं. गढूळ.

महाराजांची भंबेरी उडाली, पण तोंड चालूच होतं. म्हणाले, "बाईंच्या मनातला अविश्वास पाण्यात उतरला. मनाच्या लहरींनी रेणू फिरतात. विज्ञानसुद्धा हेच सांगतं."

"विज्ञानाचं राहू द्या," मी म्हटलं आणि डावीकडचा जग मुकादमापुढे धरला. "जरा चाखून बघा."

मुकादम कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट आहे," तो म्हणाला. मग जग हातोहात फिरला. ज्या बायका या पाण्याला हात जोडत होत्या त्याच आता थू थू करत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. मिठाच्या पाण्यात पेशी शाबूत राहतात म्हणून पाणी गढूळ, साध्या पाण्यात फुटतात म्हणून साफ. हे कोणाच्याही रक्ताचं होतं, आजाऱ्याच्या आणि धडधाकटाच्याही. कोणीतरी मागून म्हणालं, "महाराज, जिना उतरा आता." हशा पिकला. महाराजांचं पितळ उघडं पडलं होतं आणि चादर गुंडाळायला त्यांना कोणाची मदत लागली नाही.

अशी गोष्ट एरवी इथे संपते. लोक शहाणे होतात, बाईंचा सत्कार होतो. मलाही त्या संध्याकाळी तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. इतके दिवस जेवणघर महाराजांना फुकट देणारा हाच माणूस. रोग सात पिढ्यांच्या पापाचा ठरला की थंडीबद्दल आणि पाण्याबद्दल कोणी विचारत नाही, हे तो चांगलं ओळखून होता. त्यांनी मला खुर्ची दिली, माझे आभार मानले.

"तुम्ही आमचे डोळे उघडलेत, बाई. आता सगळं शास्त्राप्रमाणे."

शास्त्राप्रमाणे म्हणजे काय ते लवकरच कळलं. शहरातून खरी तपासणी करणारे आले. प्रत्येकाचं नव्या सुईने, नीट, नियमाप्रमाणे रक्त घेतलं. ज्यांच्यात खोट निघाली त्यांना कामावरून कमी केलं. दोन्ही बाजूंची खोट असलेल्यांना तर केलंच, पण एकाच बाजूची असलेल्यांनाही, ज्यांना साधारणपणे काही त्रास होत नाही. त्यांच्याच तब्येतीची काळजी म्हणून.

मी परत साहेबांकडे गेले. म्हटलं, खोलीबाहेर एक उबेची जागा करा, पाणी ठेवा, बाहेर जायची मुभा द्या, आजारी आहेत त्यांना मटार निवडायच्या पट्ट्यावर घ्या. तेवढ्याने निम्मं दुखणं टळेल, डॉक्टरीणबाई लिहून द्यायला तयार आहेत.

"रोग रक्तात आहे, हे तुमच्याच डॉक्टरीणबाई सांगतात," ते म्हणाले. "रक्त काही आम्ही दिलं नाही."

"तुमच्या भाच्याच्या रक्तातही तेच आहे."

"तो ऑफिसात बसतो."

"मी तेच म्हणतेय, साहेब."

त्यांना ते कळलं. कळल्याचं चेहऱ्यावर दिसलं, आणि तरी ते समोरचे कागद चाळायला लागले. माणसाला पटलं की तो बदलतो, असं मी मुलांना शिकवत आले आहे. आता ते शिकवताना माझी जीभ अडखळते.

एका रविवारी धाकटी चौघीजणींना घेऊन माझ्या दारात आली. सगळ्या काम गेलेल्या. मी त्यांना आत बसवलं. मग धाकटीच म्हणाली, "ताई, दुसऱ्या कारखान्यात भरती आहे. तिथेही रक्त बघणार. तुला येतं ना ते पाणी साफ करायचं? आमच्यासाठी एकदा कर."

मला आधी कळलंच नाही. मग उमगलं, तिला महाराजांचीच युक्ती हवी होती. मी त्यांना समजावलं की खऱ्या तपासणीत पेशी आधीच फोडतात, मग फक्त खोट असलेलं रक्तच गढूळ राहतं. तिथे मीठ आणि साधं पाणी काही करू शकत नाही.

"म्हणजे नाही होणार?"

"नाही होणार."

"तो महाराज लबाड होता," त्यातली सगळ्यांत वयस्क बाई म्हणाली, "पण त्याच्यापायी आमचं काम तरी नव्हतं गेलं." ती रागाने बोलली नाही. मला राग आला असता तर बरं झालं असतं. खरं सांगायचं तर, ती युक्ती चालणारी असती तर मी त्या दिवशी स्वतः पेले मांडून बसले असते, आणि मला लाज वाटली नसती.

तरीही मी हे लिहिते आहे, कारण दुसरा कोणता रस्ता मला ठाऊक नाही. चमत्कार दिसला की तपासा, पाणी चाखून बघा, एकाच सुईने टोचून घेऊ नका, चालू गोळी कोणाच्या सांगण्यावरून सोडू नका. एवढ्यावर मात्र थांबू नका. रोग रक्तात आहे असं कोणी सांगितलं, मग तो अंगरख्यातला असो की टाय लावलेला, तर त्याला विचारा की तेच रक्त एका खोलीत आडवं का होतं आणि दुसऱ्या खोलीत खुर्चीवर बसून का राहतं. उत्तर मिळणार नाही. तरी विचारा.

धाकटी आता मासळीच्या धक्क्यावर बर्फ फोडायला जाते. तिथे कोणी रक्त बघत नाही, कोणी काहीच बघत नाही. गोळी ती पुन्हा घेते, दवाखान्यात शिल्लक असेल तेव्हा. आज सकाळी मी तिच्या पिशवीत पाण्याची मोठी बाटली घातली आणि निक्षून सांगितलं की दिवसभरात संपव. ती हो म्हणाली. संध्याकाळी तिने पिशवी ओट्यावर ठेवली, बाटली बाहेर काढली. काठोकाठ भरलेली होती.

"तिथे आडोसा नाही गं, ताई," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्याच ते सगळं पाणी पिऊन टाकलं.