डालग्याखालची निळी फुलं

"मागे सरका! रेषा ओलांडू नका!" महाराज गरजले, आणि माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत मागे सरकली. महाराजांनी मंत्र पुटपुटत डोंगरावरचा चुनखडीचा माळ पेटवला होता, मग काठीने मधोमध गोल रेषा ओढली होती. काही आठवड्यांनी आता रेषेच्या आत निळी फुलंच फुलं. बाहेरही तितकंच जळलेलं, पण तिथे औषधालासुद्धा फूल नाही!

"राखेतून फूल काढलं, तिथे रोगाचं काय घेऊन बसलात? फुलाचं पाणी प्या, गोळ्या फेका!"

शाळेत शिकवणारी ताई फुलाच्या पाण्याच्या रांगेकडे धावली. रांगेत तिचा धाकटा भाऊ उभा होता. तो शेळ्या राखायचा. त्याच्या लेकीला आकडी यायची.

"गोळ्या बंद केल्यास?"

"त्यांनी पोर नुसती पेंगते गं, ताई."

"अरे, बी जमिनीत होतंच. झुडपं माजली, पाचोळा साचला, म्हणून दबून राहिलं. आगीने जागा मोकळी केली, ऊन पोचलं, उगवलं."

"मग रेषेबाहेर का नाही?"

ताईने कोंबड्या झाकायचं जाळीदार डालगं आणून रेषेबाहेरच्या राखेवर पालथं घातलं, वर धोंडा ठेवला. "थोडे दिवस थांब, दाखवते. तोवर गोळ्या दे. माझी शपथ आहे."

"देतो," तो म्हणाला. दिल्या नाहीत. डालग्याखाली कळी धरायच्या आत एका पहाटे पोरीला आकडी आली, ती थांबलीच नाही. पोर गेली.

काही दिवसांनी ताई त्याला हाताला धरून माळावर घेऊन गेली. डालगं उचललं. खाली तीच निळी फुलं होती. आजूबाजूला त्याच्याच शेळ्या कोवळे कोंब खुडत होत्या.

तो मटकन खाली बसला. "आत शेळी जाऊ नये म्हणून दिवसभर मीच हाकलत होतो, ताई. तो चमत्कार मीच राखत होतो."

आपलं म्हणणं खरं ठरल्याचा ताईला इतका राग कधीच आला नव्हता. तिला रडू आवरेना.

तो उठला आणि त्याने शेळ्या थेट रेषेच्या आत घातल्या. महाराज शिव्याशाप देत राहिले. शेळ्यांना त्याचं काय! बघता बघता फुलं फस्त झाली आणि आतला माळ बाहेरच्यासारखाच दिसू लागला.

फुलाच्या पाण्यासाठी त्या दिवशीही रांग होती; पुढेच एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. तो तिच्यासमोर गेला.

"बाई, फुलं पुन्हा येतील, तेव्हा डोळे भरून बघ. पण याचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नकोस. माझ्या पोरीचं मी थांबवलं होतं."