नाक्यापलीकडचा धूर

"नाक्याच्या बाहेर चाललीस खरी," उषाबाई पदर तोंडाशी नेत म्हणाल्या, "पण तिथं तुझ्याकडं बघणारं कोनी न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

अरुंधती बैलगाडीत पाळण्याच्या दोऱ्या बांधत होती. तिनं गाठ ओढून पाहिली. घट्ट होती, तरी पुन्हा ओढली. मग मान वर न करताच हसली.

"म्हणूनच तर चाललेय, मावशी."

उषाबाई घरमालकीण. अरुंधतीच्या चुलीवर काय शिजतं, तिचे यजमान शरदचंद्र रेल्वेच्या मालधक्क्यावरून कधी परततात, नीला रात्री कितीदा उठते, सगळं त्यांना ठाऊक असे, आणि दुपारपर्यंत गल्लीलाही. तेही चाललं असतं. चालण्यासारखी नव्हती ती रुई. हंगामात शेजारच्या जिनिंगमधून उडून यायची आणि सकाळी तान्ह्या नीलाच्या पापण्यांवर बसलेली असायची. पोरगी खोकली की अरुंधतीचा हात आपोआप तिच्या छातीवर जाई आणि श्वास सरळ होईपर्यंत तिथंच राही. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत नाक्याबाहेर जायचंच, असं तिनं उन्हाळ्यातच ठरवून टाकलं होतं. हैदराबादला कॉलेजात असताना बागांच्या मागे लपलेली स्वच्छ बंगलीवजा घरं तिनं पाहिली होती. तसलं काहीतरी मनात होतं.

नवी वस्ती कागदावर जालना शहरातच होती. पण करोडगिरीचा नाका, जिथे बांबू आडवा टाकून गाड्यांतला माल तपासत आणि जकात घेत, तो वस्तीच्या अलीकडे राहिला होता. रस्त्यावरचे कंदील नाक्यापर्यंत लागत. टांगेवाला नाक्यापाशी लगाम खेचून म्हणे, "बस, शहर खतम." पुढे चार घरं होती आणि चुना फासलेल्या दगडांनी आखलेले रिकामे प्लॉट. ज्यांनी ते घेतले होते त्यांनी अजून बांधलं नव्हतं, म्हणून पहिल्या मालकांनी त्यांत ज्वारी पेरली होती. कोळपं दगडांना वळसा घालून जाई. रस्ता चांगला रुंद होता, आणि भादव्यात उघडीप पडली की त्यावर मुगाच्या शेंगा वाळत असत.

"हे शहर आहे की खेडं?" पहिल्याच आठवड्यात तिनं शरदचंद्रांना विचारलं.

"हवा चांगली आहे," ते म्हणाले.

परसाच्या बाजूला, दोन प्लॉट सोडून, एक विहीर आणि पत्र्याचं छप्पर होतं. ते झुंबरबाईचं. भोवतालची जमीन विकली गेली तेव्हा एवढा तुकडा तिनं सोडला नव्हता. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दीर बद्रीनाथ ओढ्यापलीकडे राहायचा. विहिरीवर पाणी भरताना झुंबरबाई भरपूर प्रश्न विचारी आणि अरुंधती मोजकी उत्तरं देई. एक उषाबाई सुटली होती, दुसरी नको होती.

पोळा झाल्यावर शरदचंद्रांनी सिकंदराबादहून स्टोव्ह आणला. पहिल्या दिवशी तिनं स्वतःच पंप मारून तो पेटवला, निळी ज्योत भरभरू लागली आणि दूध वर आलं. तेवढ्यात मागचं दार धडाधडा वाजलं. स्टोव्ह कमी करावा, दूध उतरवावं की नीलाला उचलावं, तिला कळेना. तिनं नीलाला उचललं आणि दार उघडलं. दारात झुंबरबाई. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले.

"काय झालं वैनीबाई? लेकरू बरंय ना?"

"बरं आहे. का हो?"

"धूर न्हाई आज."

अरुंधतीला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला, आणि तिच्या कपाळावर बारीक आठी चढली.

"तुम्ही रोज आमचा धूर बघता?"

"मंग? सकाळी उठून कोन बघत न्हाई? तुमीबी माझा बघत असताल की."

अरुंधतीनं तसं कधीच पाहिलं नव्हतं. तिनं बाजूला होऊन स्टोव्ह दाखवला. झुंबरबाई उंबऱ्याबाहेरच उकिडवी बसून तो न्याहाळू लागली.

"माय वं! बैल नाक शिंकरून राह्यलाय जनू. अन् धूर बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"लई हुशार चूल हाय. पन घरात मानूस उठलं का न्हाई, हे बाहेरच्याला कसं कळावं? आता म्या काय बघावं?"

तिनं जावं एवढीच इच्छा होती, म्हणून अरुंधती अर्धवट चेष्टेनं म्हणाली, "दोरीवरचे नीलाचे लंगोट बघा. रोज सकाळी वाळत घालते."

"बराबर," झुंबरबाई उठत म्हणाली. तिला त्यात चेष्टा दिसली नव्हती. "अन् दिवेलागनीच्या आत काढता. तेबी बघितलंय म्या. लेकराचं कापड सांजेला बाहेर ठिऊ ने."

"मी दवासाठी काढते. गारठा लागतो म्हणून."

"कशासाठी का असंना. काढता ना?"

रात्री शरदचंद्रांना हे सांगताना अरुंधतीनं झुंबरबाईची नक्कल केली. ते पोट धरून हसले. नंतर, नीला झोपल्यावर, तिनं मागचं दार उघडून पत्र्याच्या छपराकडे एकदा पाहिलं. धूर दिसण्याची वेळ नव्हती. तिनं दार लावून घेतलं.

कार्तिकात शरदचंद्र कामासाठी परभणीला गेले. त्याच दिवशी दुपारी अरुंधतीच्या पाठीत कळ आली. थोडं पडावं म्हणून तिनं दोन्ही दारांना अडसर घातला आणि नीलाला कुशीत घेतलं. नीला आता रांगत होती. तिला जमिनीवर सोडायची सोय नव्हती. मग थंडी वाजू लागली. दात एकमेकांवर आपटू लागले आणि गोधडीवर गोधडी घेऊनही अंग कापत राहिलं. थंडी गेली तसा ताप चढला. उजेड कमी झालेला तिला कळला. लंगोट काढायला हवेत, हेही आठवलं. नीलाला पाळण्यात घालून ती उठली, आणि भिंत तिच्याकडे चालत आली.

पुन्हा डोळे उघडले तेव्हा खिडकीच्या फटीत पहाट होती. ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर होती. नीला पलीकडच्या खोलीत रडत होती. रडून रडून तिचा आवाज चिरकला होता, आणि मग तो थांबला. अरुंधतीनं हाताच्या कोपरावर रेटून पाहिलं. एवढंसं अंतर, पण अंग हलेना. हाक मारली तर ती तिची तिलाच ऐकू आली नाही. पुढच्या घरापर्यंत मध्ये तीन रिकामे प्लॉट, त्यांत पुरुषभर ज्वारी. बघणारं कोणी नाही. उषाबाईंचा पदर, तोंडाशी नेलेला, तिला स्पष्ट दिसला.

"वैनीबाई!"

दार वाजलं. मग खिडकी.

"वैनीबाई, लंगोट रातभर बाहेर हायत! ओ द्या!"

ओ देता येईना. पावलं पळत लांब गेली. किती वेळ गेला कोण जाणे. पावलं परत आली ती दोघांची होती.

"भावजी, मारा पहार. दार मोडलं तर मोडू द्या."

"लोक काय म्हनतील, वैनी? बाबूसाहेब गावाला गेलेत, अन् म्या दार..."

"लोक कुठंयत हितं? मारा जल्दी!"

बिजागरी निखळली. उजेड आत आला. झुंबरबाई अरुंधतीला ओलांडून सरळ पलीकडच्या खोलीत गेली, आणि अरुंधतीला तिच्याबद्दल जे वाटायचं होतं ते सगळं त्या एका क्षणात वाटून गेलं. नीलाचा आवाज पुन्हा आला. रडणंच, पण जवळ येणारं.

"हाय, हाय. बरं हाय लेकरू. नुसतं उपाशी हाय. शेळीचं दूध पाजते, चालंल न्हवं?" आणि मग थोडं रागावून, "म्या कवाच वळखलं. मनात म्हनलं, ही बाई लंगोट बाहेर ठिवनारी न्हाई."

बद्रीनाथनं गाडीत कडबा पसरला, वर वाकळ घातली. नाक्यावर बांबू आडवा होता. शिपाई जांभई देत पुढे आला.

"सामान क्या है?"

"सामान न्हाई," झुंबरबाई म्हणाली. नीला तिच्या खांद्यावर झोपली होती. "आमची बाई हाय. उचल तुझा बांबू."

बांबू वर गेला.

शरदचंद्र परभणीहून परतले, तरी दवाखान्यात ताप उतरायला बरेच दिवस लागले. चौथ्या की पाचव्या दिवशी उषाबाई डबा घेऊन आल्या. भाताची मऊ पेज होती, वर तूप. खाटेच्या कडेला बसून त्यांनी अरुंधतीच्या कपाळाला हात लावला. डोळे भरले होते त्यांचे.

"तेवाच सांगितलं होतं बाई तुला. बघणारं कोनी..."

अरुंधतीनं त्यांचा हात धरला आणि नुसतं खिडकीकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात दवाखान्याच्या कठड्यावर झुंबरबाई लंगोट वाळत घालत होती. एका हातानं, दुसऱ्या हातात नीला होती आणि ती झुंबरबाईच्या डोक्यावरचा पदर ओढू पाहत होती. नर्स येऊन काहीतरी रागे भरली. झुंबरबाईनं ऐकून घेतलं आणि पुढचा लंगोट झटकला.

उषाबाईंनी तिकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण उघडून म्हणाल्या, "पेज जरा जास्तीच आणली मी. तिलाबी दे."

घरी परतल्यावर अरुंधतीनं झुंबरबाईला लुगडं घेतलं. ते तिनं ठेवून घेतलं, पण खूश झाली नाही.

"हे कशाला? तुमी बघत जा माझ्याकडं. तेवढं पुरं."

मग अरुंधती बघू लागली. सकाळी दार उघडलं की आधी पत्र्याचं छप्पर, मग दूध. धूर वर चढला की तिचे खांदे सैल पडत. कधी उशीर झाला तर ती नीलाला कडेवर घेऊन ज्वारीतून चालत जाई, आणि झुंबरबाई म्हणे, "अव, जित्ती हाय म्या, लाकडं वली हायत!"

दोन वर्षांनी शरदचंद्रांची सिकंदराबादला बदली झाली. इथे रेल्वेच्या घरांची रांग आहे, नळ आहे, दारापर्यंत कंदील आहेत. भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत. त्यांच्या घरांतही स्टोव्ह आहेत आणि दारं लावलेली असतात. जालन्याहून कोणी आलं की बातमी कळते. नाका आता पुढे, ओढ्याच्या पुलापाशी गेला आहे. प्लॉटांवर घरं झाली, रस्त्यावर शेंगा कोणी वाळत घालत नाही. बद्रीनाथ आष्टीकडे जमीन घेऊन तिकडेच राहायला गेला. झुंबरबाईनं मात्र विहिरीचा तुकडा सोडला नाही. म्हणजे ती आता पक्क्या शहरात राहते.

तिकडे जाणारं कोणी भेटलं की अरुंधती एक काम सांगते, आणि तुम्हालाही सांगते आहे. जालन्याला उतरलात आणि सकाळची वेळ असली, तर जुन्या नाक्यावरून जरा पुढे जा. नव्या घरांच्या मागे पत्र्याचं एक छप्पर दिसेल. त्यावर धूर असला तर तुम्ही तुमच्या कामाला जा. नसला, तर तिनंही स्टोव्ह घेतला असेल असं मानू नका. दार वाजवा.