चारांपैकी शेवटची

बुचाखाली एक कण अडकला होता, काचेला चिकटून, आणि त्यामुळे बूच पुरतं बसत नव्हतं — केसाएवढी फट, पण फट. तिने बूच काढलं, मऊ कुंचल्याने बाटलीचा काठ झाडला, कण आत पडला की बाहेर ते दिसलं नाही, म्हणून खालचा पांढरा कागद उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरला. कागदावर काही नव्हतं. म्हणजे आतच पडला. बाटलीवरच्या चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात एक आकडा होता, ४१७, आणि आकड्याशिवाय काहीच नव्हतं — ना गाव, ना तारीख. शेजारी तशाच अंगठ्याएवढ्या आणखी तीन बाटल्या: ९३, २६०, ३३८. चार किनाऱ्यांची वाळू, आणि त्यांतली एक दादाने सगळ्यांत शेवटी उचललेली. कोणती ते साइटला ठाऊक. आणि साइट बंद.

‘तात्पुरत्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. थोड्या वेळाने पुन्हा पाहावे.’

थोड्या वेळाने... गेल्या महिन्यात थोडा वेळ म्हणजे सहा तास होते, त्याआधी एकदा दोन दिवस, आणि एकदा तर अकरा मिनिटांत सगळं सुरळीत झालं होतं. ज्या मापाची किमान आणि कमाल किंमत यांच्यात एवढी तफावत, ते माप नव्हे, ती समजूत घालणं झालं. तिने फोन उलटा ठेवला. मग सुलटा केला. पान पुन्हा ओढून पाहिलं. तेच.

वाळू जमवणाऱ्यांची साइट असते, आणि तिला वर्षाची वर्गणी असते, हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग चेष्टा नाही हे कळल्यावर गप्प होतो. तिने सांगणंच सोडून दिलं होतं. साइटवर प्रत्येक नमुन्याचं एक पान: कणांचा फोटो, जागा, तारीख, खाली टीप. चारशेच्या वर पानं तिची होती, आणि त्यांतली तीनशेएक जागा-तारखा-टिपा दादाने भरलेल्या, बोटीवरून.

काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला होता. मागे खोकी ओढल्याचे आवाज. शाळेने तिची बदली दुसऱ्या शहरात केली होती आणि परवा सकाळी सामान हलायचं होतं.

“वन्सं, एक मागायचंय. नाही म्हणायचं नाही.” हे ‘वन्सं’ ती मुद्दाम म्हणायची, लग्न झालं तेव्हापासून, निव्वळ चिडवायला.

“आधी ऐकू तर दे.”

“त्याची ती शेवटची माती. बाटली नको गं, चिमूटभर. नेते बरोबर.”

“वाळू.”

“हो बाई, वाळू. देशील? उद्या संध्याकाळी सहाला येते.”

“देते,” ती म्हणाली होती, आणि चटकन म्हणाली होती, कारण काम अर्ध्या मिनिटाचं होतं — चार पानं उघडायची, चार तारखा पाहायच्या, त्यांतली सगळ्यांत अलीकडची निवडायची. तिने उघडायला घेतलं तेव्हा साइट बसलेली होती. आज सकाळीही बसलेलीच.

चारही बाटल्या तिने रुमालात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि कामाला निघाली.

बांधकामाचं साहित्य तपासण्याची प्रयोगशाळा. सिमेंट, खडी, वाळू, काँक्रीटचे ठोकळे. इथे येणाऱ्या प्रत्येक पिशवीवर फक्त क्रमांक असतो. पिशवी कोणत्या कंत्राटदाराची, कोणत्या पुलाची, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, कारण कळलं की हात नकळत वळतो — कुणाच्या बाजूने तर कुणाच्या विरुद्ध. नोंदवही साहेबांच्या कपाटात, तपासणी झाल्यावरच ताडून पाहायची. ही शिस्त तिला पहिल्या दिवसापासून इतकी पटली की तिने ती घरी नेली. दादाला बसवून समजावलं: पाकिटावर गावाचं नाव लिहायचं नाही. वाळू उचललीस की माझ्या खात्यातून साइटवर जा, जागा, तारीख, काय ते लिही. साइट तुला क्रमांक देईल — ती क्रमांक मुद्दाम उलटसुलट देते, अंदाज बांधता येऊ नये म्हणून — तेवढाच पाकिटावर घाल. मी आधी कण पाहणार, कोणता किनारा असेल ते माझं मी ठरवणार, आणि मगच तुझं पान उघडणार.

“मोजपट्टी,” दादा म्हणाला होता, तो तिला मोजपट्टीच म्हणायचा, “अगं, ही वाळू आहे. आरोपी नाही.”

पण ऐकलं त्याने. इंजिनखोलीत काम करणारा माणूस, बोट बंदराला लागली की दोन-चार तासांची मोकळीक मिळायची, त्यात इतर लोक खायला-प्यायला जात आणि हा पाण्याच्या कडेला वाकून वाळू भरायचा. पाकिटं दादाच्या घरी टपालाने यायची. वहिनी वरचं वेष्टन, तिकिटं, शिक्के काढून फेकायची — नियमच होता तसा — आणि आतलं प्लास्टिकचं पाकीट तेवढं तिच्या हातात द्यायची, चेहरा कोरा ठेवून, एखादी प्रश्नपत्रिका द्यावी तसं. मग कणांची तपासणी, मग अंदाज, आणि मग बक्षीस म्हणून पान उघडायचं. टिपेत दादा काय वाटेल ते लिहायचा. ‘इथला एक कुत्रा माझ्यामागे थेट धक्क्यापर्यंत आला. वाळूशी संबंध नाही. तू चिडावंस म्हणून लिहिलं.’ ती चिडायची. टीप नमुन्यापुरती असावी. तसं तिने त्याला कळवलंही होतं... कळवलं होतं मी.

“मॅडम, बाविसावा ठोकळा लावू का?”

ठोकळेकाकांनी विचारलं. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं मशीन गेली कित्येक वर्षं तेच चालवत होते, खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलेलं. तिने मान हलवली. काटा चढत गेला. ठोकळ्याला आधी काही होत नाही, मग कोपऱ्यातून भुगा गळतो, आणि मग एकदम तो दबका कडाका. तिने आकडा लिहिला. लिहिताना फोन थरथरला.

साइटच्या सभासदांचा एक गट होता, साइट बंद पडली की जागा होणारा. त्यांतल्या एका दंतवैद्यांनी लिहिलं होतं: ‘सगळं बंद आहे, पण वर्गणी भरायचं पान उघडतंय. आत्ताच पाहिलं.’ खाली एक निवृत्त भूमापक: ‘म्हणजे नाडी लागतेय. काळजी नसावी.’ मग कुणीतरी: ‘चेष्टा पुरे. चालवणारा बहुतेक गाशा गुंडाळतोय. आपापल्या नोंदींच्या प्रती कुणी ठेवल्यात का?’

यावर कुणी काही लिहिलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती बघत राहिली. प्रयोगशाळेत एकेका अहवालाच्या तीन-तीन प्रती काढायला लावणारी, एक प्रत चुकली म्हणून मागच्या वर्षी अख्ख्या विभागाला संध्याकाळी थांबवून घेणारी ती... लोका सांगे ब्रह्मज्ञान. वाचलेल्या टिपा एक वेळ आठवतील, कुत्र्याची आठवते, कुठल्याशा बंदरातल्या न विझणाऱ्या दिव्याची आठवते. पण या चार?

या चार तिने वाचलेल्याच नव्हत्या.

दादा बोटीवरच गेला, झोपेत. त्यानंतर दोन महिन्यांत टपालाने ही चार पाकिटं आली, मागेपुढे, कुठल्या कुठल्या बंदरांत अडकून पडलेली. आधी आलं ते आधी पाठवलेलं असेल असंही नाही. वहिनीने सवयीने वेष्टनं फेकली — त्या दिवसांत तिला कुठलं भान — आणि पाकिटं आणून दिली. तिने वाळू बाटल्यांत भरली. आता तपासणी, मग पान. नियम तोच. आणि तपासणी राहिली. आधी सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला, तो बदलायला तीन महिने. मग पुलाचं काम आलं. मग... दोन वर्षं झाली. वर्गणी मात्र एकदाही चुकली नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने चारही बाटल्या प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली नेल्या. दोन वर्षं राहिलेलं काम पाऊण तासात झालं. ९३: काळी, जड, लोहचुंबक जवळ नेताच कण उभे राहिले, ज्वालामुखीच्या खडकातली. २६०: नुसते शिंपल्यांचे तुकडे, आम्लाचा थेंब टाकताच फसफसली. ३३८: हिरवट, काचेसारखी. ४१७: साधी गारगोटीची, गोल गोल कणांची, लांबवरून नदीने आणलेली. तिने चारही अंदाज कागदावर लिहिले, आणि अंदाज चांगले होते, तिचं तिलाच ते कळत होतं. पण वाळूला वय असतं, तारीख नसते. कणाकडे कितीही वेळ बघत राहा, तो कोट्यवधी वर्षांचं सांगेल. दोन वर्षांपूर्वी कोणत्या मंगळवारी कुणी त्याला उचललं, ते नाही सांगणार.

काका डबा धुऊन आले, मागे उभे राहून बघू लागले. तिने थोडक्यात सांगितलं. का सांगितलं कोण जाणे.

“त्यात काय? ती हिरवी द्या. दिसायला झकास आहे.”

“ती शेवटची नसली तर?”

“त्यांना कसं कळणार?” काकांनी रुमालाने हात पुसले. “आणि तुम्हाला तरी? कळत नाही तर खोटं कसं झालं ते? चारातून एक, म्हणजे रुपयातले चार आणे खरंच की.”

गणित बरोबर होतं. तिला त्याचा राग आला, मग थकवाच आला. रोज दहा वेळा ती लोकांना हेच तर सांगायची — नक्की नाही ना, मग नक्की लिहू नका. आणि तरी दुपारभर ती हिरवी बाटली तिच्या मनात पुढे पुढे येत राहिली. वहिनी ती खिडकीत ठेवेल, उन्हात. शाळेतल्या कुणाला तरी दाखवेल: ही त्याने शेवटची पाठवलेली. आणि सांगता सांगता ते खरं होऊन जाईल, आणि जगात एकच माणूस उरेल ज्याला ठाऊक असेल की ते...

साइट चालवणाऱ्याला तिने पत्र लिहिलं. पहिलं कडक होतं, ते खोडलं. दुसरं: ‘मला फक्त चार नोंदींच्या तारखा हव्यात.’ उत्तर लगेच आलं, म्हणजे यंत्राचं: तुमचा निरोप मिळाला, क्रमांक अमुक. आणखी एक क्रमांक.

वहिनी सहाला दहा कमी असताना आली. केसांत धूळ, बोटांना चिकटपट्टीचा डिंक. पाणी प्यायली, खुर्चीवर बसली आणि टेबलावरच्या चार बाटल्यांकडे पाहिलं.

“चार कशाला काढल्यास? मी एकच म्हटलं होतं.”

आत्ता. आत्ता हिरवी पुढे सरकवली तर दोन सेकंदांत सगळं संपेल.

“यांतली कोणती शेवटची ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “तारखा साइटवर आहेत. साइट कालपासून बंद आहे.”

“बंद असेना. आठवेल की. एकदा वाचलंस की तू विसरत नाहीस, तो म्हणायचा.”

“वाचलेलं नाही मी.”

“म्हणजे?”

“या चारांची पानं मी उघडलेलीच नाहीत. तपासणी व्हायची होती.”

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, घुंगरासारखा चेनचा आवाज येत होता.

“दोन वर्षं?” वहिनी हळू बोलली, आणि ते हळू बोलणं जास्त लागलं. “त्याने लिहिलेलं, शेवटचं, दोन वर्षं तसंच? अगं, तुला स्वतःसाठी नसेल वाचायचं. त्यात माझ्याबद्दल काही असलं तर? एखादी ओळ?”

हे तिच्या मनात कधीच आलं नव्हतं. खरोखर आलं नव्हतं. टीप नमुन्यापुरती असावी... पण तो कधी ऐकायचा ते? कुत्रा, दिवा, स्वयंपाक्याचं भांडण, सगळं लिहायचा. मग बायकोबद्दल का नाही लिहिणार? आणि मी बसले होते नियम सांभाळत — न उघडलेलं म्हणजे माझं, असं धरून.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. शब्द कोरडे निघाले.

“चुकलं,” वहिनी म्हणाली. नाकारलं नाही, सावरून घेतलं नाही. मग पर्समधून एक रिकामी डबी काढली, कुंकवाच्या करंड्याएवढी, झाकणाची. “सगळ्यांतली थोडी थोडी घाल यात.”

“मिसळून?”

“मग काय चार कप्पे करशील?”

नमुने मिसळायचे नाहीत, हे तिने शिकलेलं सगळ्यांत पहिलं वाक्य होतं, कुंचला कसा धरायचा त्याच्याही आधीचं. एकदा मिसळलं की जगातली कोणतीही चाळणी ते वेगळं करू शकत नाही. तिने चमचा घेतला. काळी. शिंपल्यांची. हिरवी. नदीची. डबीवर बोटांनी टकटक केल्यावर कण एकमेकांत उतरत गेले, आणि तिला दिसलं — दिसलं म्हणजे, नेहमी एखादी आकडेमोड दिसते तसं — की शेवटची वाळू आता या डबीत आहे, नक्की आहे, शंभर टक्के. फक्त कोणती ते कुणालाच, कधीच सांगता येणार नाही. असं उत्तर तिने आजवर कुठल्याही अहवालात लिहिलं नव्हतं.

वहिनीने झाकण लावलं. दारात थांबून म्हणाली, “सुरू झाली ती, तर आधी मला फोन कर. मग उघड. तू वाच, मी ऐकते. वेळ कुठलीही असू दे.”

“आणि नाहीच झाली तर?”

वहिनीने खांदे उडवले, चपला घातल्या. “वन्सं, ते मला नको विचारूस. मला अजून भांडी भरायचीत.”

वहिनी गेल्यावर तिने चारही बाटल्यांना बुचं लावली. तिने फोन घेतला, पान ओढलं. तीच दोन ओळींची दिलगिरी. कालपासून कितीदा पाहिलं असेल, तीस, चाळीस. दर वेळी चीड आली होती, निदान तिला तरी तसंच वाटलं होतं, पण आता त्या चिडीच्या खाली बोट घालून पाहिलं तर तिथे काही वेगळंच होतं, मऊ, लाजिरवाणं — पान उघडलं नाही की आत कुठेतरी सैल पडायचं, हुश्श व्हायचं, आज नाही, आज वाचावं लागत नाही... आणि दोन वर्षं, प्रत्येक बंद दिवसाला, प्रत्येक दिव्याला आणि पुलाला, तिने तेच हुश्श फुकटात घेतलं होतं.

तिने पुन्हा ओढलं. पान उघडलं नाही. ती थांबली, सवयीने, ते सैल पडण्याची वाट बघत. या खेपेस काहीच सैल पडलं नाही.