खारबांधावरची उघाडी

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. नाव ऐकून हसू नका. नावडे गावाच्या खाली खाडीकाठी जो लांबच लांब मातीचा बांध होता, त्याच्या पोटात बसवलेलं लाकडी दार म्हणजे मी. भरती आली की पाण्याच्या रेट्याने मी आपोआप मिटायचे आणि खारं पाणी बाहेर अडवायचे. ओहोटी लागली की उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचे. मला ना कुलूप होतं, ना पहारेकरी.

कोंडिबा सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. बसवायच्या दिवशी गावाने माझ्यापुढे नारळ फोडला, बायकांनी हळदकुंकू लावलं. त्या दिवशी मी फार मिरवले, खोटं कशाला बोलू? माझ्यामागे भाताची खाचरं पिकली, गोड्या पाण्याची विहीर टिकली आणि बांधावरच्या पायवाटेने माणसं शेजारच्या गावी जात-येत राहिली.

पण खरं राखणं माणसांचंच होतं. खेकडे बांधाला बिळं पाडतात. बीळ दिसलं की चिखलाचा गोळा ठोकून ते लगेच बुजवायचं. गावाचा नियम साधा होता: ज्याचं शेत, त्याने त्याच्यापुढचा बांध राखायचा. पिढ्यानपिढ्या तो चालला. मलाही तो फार शहाणपणाचा वाटायचा. तिथेच आम्ही सगळे फसलो.

नव्या शहरासाठी जमिनी जाऊ लागल्या. १९९३ पर्यंत गावातली निम्मी शेतं गेली. हिरामण आणि त्याची बायको गोजरा यांचं एक एकर तेवढं अजून त्यांच्या हातात होतं. शेजारचं शेत हिरामणच्या पुतण्याचं, हितेशचं. ते गेलं आणि हितेश डंपर चालवू लागला. त्याच्या वाट्याचा बांध मात्र होता तिथेच होता, माझ्यापासून वीस पावलांवर.

ज्येष्ठात हिरामणला त्या बांधावर बिळं दिसली. त्याने हितेशला पायवाटेवरच गाठलं.

"हितेश, तुज्या बांदाला तीन भोकं हायत. उदानाच्या आदी बुजव."

"शेतच माजं रायलं नाय, काका. बांद माजा कसा?"

"पानी इचारतं का, कुनाचा बांद?"

"मंग तुमीच बुजवा ना. उगाच टेन्शन घेता."

हिरामण भडकला. काम होतं चार घमेली चिखलाचं. पण नियम म्हणजे नियम. एकदा दुसऱ्याच्या बांधाला हात लावला की तो जन्माचा आपल्याच गळ्यात पडेल, असं त्याला वाटलं. गोजरा जेवण घेऊन आली होती. ती म्हणाली, "त्यो येडा हाय, तुमी कशाला येडे होता? टाका दोन गोले." पण गडी हट्टाला पेटला होता. माझा नुसता जीव तुटत राहिला.

आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला बांध तिथेच फुटला. मी घट्ट मिटून उभी आणि शेजारून खाडी आत शिरतेय! इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. हिरामण गावाकडे तोंड करून ओरडला, "खांड पडली रे!" पूर्वी या हाकेला घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावायचा. त्या दिवशी चौघे आले. हितेशही आला, डंपरभर माती घेऊन. पण चिखलाच्या बांधावर डंपर चढेना. बैल गेला आणि झोपा केला.

लावलेलं भात आठवड्यात पिवळं पडलं. पायवाट तुटली. विहिरीचं पाणी गोजराने ओंजळीने तोंडाला लावलं, थुंकून टाकलं आणि रिकामी कळशी घेऊन ती खालीच बसली.

"काकी, चुकलो मी," हितेश म्हणाला.

हिरामण म्हणाला, "तू एकटा नाय चुकला."

पाऊस सरला तरी बांधाची खांड कोणी बुजवली नाही, तेव्हा हिरामण माझ्याकडे आला. त्याने माझं दार दोरीने वर बांधून टाकलं. "बस जालं तुजं. आता मिटून काय राखनार?" एवढंच बोलून तो गेला. तेव्हापासून मी मिटलेली नाही. खाडी माझ्यातून हवी तशी येते-जाते.

मित्रांनो, सगळ्यांच्या वाटेला, सगळ्यांच्या बांधाला कुठे भोक दिसलं, तर ते कोणाच्या हद्दीत आहे हे विचारत बसू नका. आधी ते बुजवा. मग हवं तेवढं भांडा. भांडायला निदान जमीन तरी उरलेली असेल.