थडग्यांवरचं पाणी

“यंत्र बंद करा की, बाइके! थडगी आली,” सुकाणूवरून मेदेर ओरडला.

“चालू राहू दे,” तोकोन म्हणाला. काठावरचे सगळे त्याला बाइके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचे.

मेदेरने आ वासला. धरणात बुडालेल्या गावाच्या कबरस्तानावरून जाताना मासे दाखवणारं यंत्र बंद करायचं, दुआ करून तळहात चेहऱ्यावरून फिरवायचे आणि निमूट पुढे व्हायचं, हा रिवाज तोकोननेच तर घालून दिला होता. एकोणीस वर्षांपूर्वी पहिलं यंत्र आलं तेव्हा पडद्यावर उंचवटे ओळीने उमटले. त्यातली आईची कबर कुठली हे त्याला कळलं आणि तो तापाने फणफणला. पुढे तिथे ते चालू ठेवायची कुणाची छाती झाली नाही. धाकटा भाऊ साकेन तेवढा चिडवायचा, “बाइके, मेलेली माणसं लाजतात होय?” पण बटण तोही बंद करायचा.

काल संध्याकाळी वादळाआधी घाईने परततानाही त्याने ते बंद केलंच असणार. यंदा विजेसाठी पाणी सोडून सोडून तलाव अकरा मीटर उतरला होता. थडग्यांमधला विटांचा जुना घुमट गढूळ पाण्याखाली किती वर आलाय, ते कुणाला ठाऊक असणार? साकेन घरी आलाच नाही. त्याची बायको बुरमा पहाटेपासून काठावर त्याचा कोरडा कोट धरून उभी होती.

“चौदा मीटर. गाळ,” तोकोन वाचू लागला. तळाची रेघ जाड, पुसट होती. मग ती बारीक, लखलखीत झाली आणि तिच्याखाली तशीच दुसरी उमटली. म्हणजे कठीण जमीन. “सात. सात. पाच... थांबव! मागे घे!”

तळ एकदम वर चढला होता. एक मीटर. घुमटच तो. मेदेरने नाव कशीबशी मागे ओढली आणि इंजिन बंद केलं.

घुमटाच्या पायथ्याशी एक ठळक, आडवा आकार होता.

“दगड असेल,” मेदेर म्हणाला.

“दगडाची कड एवढी सरळ असते होय रे? साकेनची नाव आहे ती.”

नाव थांबली तरी पडदा सरकत होता. तीन मीटरवर एक ठिपका उमटला आणि लांबत गेला. मासा खालून गेला की कमान उठते. नावेखाली काही हललंच नाही तर रेघ पडते.

“जाळं असेल हो.”

“जाळं विरविरीत दिसतं. एवढं ठसठशीत हवा भरलेलंच दिसतं.” तोकोनचा आवाज फाटला. “बुरमाने हट्टाने घ्यायला लावलेलं तरंगायचं जाकीट, मेदेर. जाळ्यात अडकलंय. माझ्या रिवाजाने खाल्लं रे माझ्या भावाला!”

फोन वाजला. “बाइके, काही दिसलं?” बुरमाने विचारलं. पाण्याखालचं तोकोन सांगेल तेच खरं, असं सारा काठ मानायचा.

“दिसला,” तो म्हणाला.

मेदेरचा हात सवयीने बटणाकडे गेला. तोकोनने त्याचं मनगट धरलं.

“नको. बंद केलं तर पुन्हा हरवेल तो.”

दोघांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले. पडद्यावरची रेघ न तुटता सरकत सरकत डाव्या कडेला पोचली होती.