चौदा नंबरची लाट

मित्रांनो, राहुरीत प्रभुदासकाकांच्या घरी कपाटावर चादरीखाली एक लांबट काळा डबा आहे, तो मी. मी लाइटचा बोर्ड आहे आणि आता जुना झालो आहे. नाटकात किंवा गॅदरिंगला स्टेजवरचे दिवे एकामागून एक पेटतात, रंग बदलतात, हळूहळू विझतात, ते माझ्या बटणांवरून होतं. तुम्ही दिवे पाहता. मी तुमच्या पाठीमागे टेबलावर असतो.

प्रभुदासकाकांनी मला पुण्याहून एसटीने आणलं, मांडीवर ठेवून. काका वायरिंगमध्ये तरबेज, पण माझ्यासोबतची पुस्तिका इंग्रजीत होती आणि माझ्या छोट्या पडद्यावरही सगळं इंग्रजीच. त्यांच्या पत्नी स्टेलाबाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी ती पुस्तिका चार रविवारी बसून वाचली. तेव्हापासून दिवे टांगायचे काकांनी आणि मला शिकवायचं बाईंनी, अशी वाटणी झाली.

बाईंनी मला पुष्कळ शिकवलं. त्यातलं चौदा नंबरचं काम सगळ्यांत अवघड होतं. नाताळच्या नाटकात मेंढपाळ स्टेजच्या एका टोकापासून गोठ्यापर्यंत चालत जातात. त्यांच्याबरोबर उजेडही चालला पाहिजे, असं बाईंना वाटे. त्यासाठी बारा दिवे ओळीने निवडायचे. प्रत्येकाचा उजेड किती वेळात चढेल आणि किती वेळात उतरेल ते ठरवायचं. मग एका दिव्यामागून दुसरा किती उशिरा सुरू होईल ते ठरवायचं. हे जुळलं की उजेडाची लाट चालू लागते.

चर्चच्या हॉलच्या खिडक्यांना दुपारी पोती लावून दोघं बसत.

"अहो, जरा हळू," बाई म्हणायच्या. "मेंढपाळ आहेत ते. एसटी चुकलेली माणसं नाहीत."

"लोकांना झगमग आवडती."

"झगमग लग्नात करा. इथं बाळ झोपलंय."

चौथ्या दिव्यापाशी स्टेजला एक पायरी होती. म्हाताऱ्या मेंढपाळाचं काम सॅम्युएलबाबा करत. त्यांचा गुडघा दुखायचा. म्हणून बाईंनी लाट तिथे अडवली. चौथा दिवा तेवत राही, बाबा काठी टेकून पाय वर घेत, आणि मगच पाचवा पेटे. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. उजेड आहे तोवर चालायचं, एवढंच त्यांना माहीत. सात वर्षं ती लाट एकदाही चुकली नाही. लोक कौतुक करत तेव्हा काका मान डोलवत आणि बाई माझ्या वायरी गुंडाळत.

गेल्या उन्हाळ्यात स्टेलाबाई आजारी पडल्या. आषाढ संपायच्या आत त्या गेल्या.

मग मला कोणी हात लावला नाही. नोव्हेंबरात बाईंची धाकटी बहीण रेबेका घरी आली. नाटक तीच बसवते.

"दाजी, यंदा लाइट कराल ना? नाही म्हणालात तरी चालेल."

"तिची लाट हाय ना आत. फकस्त बटन दाबायचं."

काकांनी मला पुसलं, दिवे जोडले आणि चौदा नंबर दाबला. लाट चालली, चौथ्या दिव्यापाशी थांबली, पुढे गेली. काकांनी ती त्या दुपारी अनेकदा लावली. स्टेजवर कोणीच नव्हतं.

केडगावचा कानिफनाथ माझ्यासारखी यंत्रं दुरुस्त करतो. त्याने फोनवर काकांना सांगितलं, "काका, जुना बोर्ड कधी बंद पडंल सांगता येत न्हाई. आतलं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा."

काकांना ते पटलं. बाईंच्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. बाईंनी फार पूर्वी, चौदा नंबर करण्याच्या आधी, माझं त्या वेळचं सगळं त्यावर उतरवलं होतं. काकांना वाटलं, तो रिकामाच असेल. माझ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. एक ओळ म्हणजे माझ्यातलं बाहेर न्यायचं, दुसरी म्हणजे बाहेरचं माझ्यात भरायचं. हे काम नेहमी बाई करायच्या. काकांनी दुसरी ओळ दाबली. मी इंग्रजीत विचारलं, नक्की का? त्यांनी हो दाबलं.

मित्रांनो, मी नाही म्हणू शकत नाही. मी जुनं भरून घेतलं आणि चौदा नंबर पुसला.

काकांनी चौदा दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग ते बटणावर बोट ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी कानिफनाथ स्वतः आला. त्याने बराच वेळ खटपट केली. "पुसलेलं परत येत न्हाई, काका. नवी करून देतो, दहा मिनटांचं काम. फकस्त कशी हुती ते सांगा."

काकांनी हात हवेतून हळूहळू पुढे नेला, मध्ये थांबवला, पुन्हा नेला. "अशी."

"अशी म्हंजे किती सेकंद?"

"ती मनातल्या मनात मोजायची. मी कवा इचारलं न्हाई."

कानिफनाथने अंदाजाने लाट केली. काकांनी ती पाहिली. "बरी हाय," म्हणाले.

नाटकाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. लाट निघाली, मेंढपाळ निघाले. चौथ्या दिव्यापाशी ती थांबली, पण पुरेशी थांबली नाही. सॅम्युएलबाबांचा एक पाय पायरीवर होता आणि उजेड पुढे निघून गेला. बाबा अंधारात काठी धरून तसेच उभे राहिले. मागच्या बाकांवर मुलं हसली. शेवटी रेबेकाने येऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना गोठ्यापर्यंत नेलं.

नाटक संपल्यावर बाबा माझ्या टेबलापाशी आले.

"प्रभुदास, लाइट पुढं गेली रं."

"व्हय बाबा."

"आजवर कवा गेली न्हवती."

रेबेका म्हणाली, "पुढच्या वर्षी जमेल, दाजी."

"न्हाई जमायचं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी माझी वायर काढली आणि घरी आल्यावर मला कपाटावर ठेवलं. त्यानंतर मी सुरू झालेलो नाही, आणि होईन असं मला वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं पुसून, झाकून ठेवा. पण कोणाच्या हातची गोष्ट आमच्या पोटात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते माणूस शेजारी बसलेलं असतं, तेव्हाच त्याला विचारून घ्या, किती मोजतेस, कुठे थांबतेस. आम्हाला धरून ठेव म्हटलं की आम्ही धरतो, आणि सोड म्हटलं की त्याच क्षणी सोडतो. काय सोडलं, ते आम्हाला कळत नाही.